ऑक्सिजनच्या नळीवरचा बुडबुडा

आचलला आधी दिसले ते फक्त दोन पाय.

थेटरच्या मधोमध शिडी उभी होती. शिडीच्या वरच्या पायरीवर तपकिरी मोज्यांतले दोन पाय होते आणि कमरेपासून वरचा माणूस छतातल्या चौकोनी भोकात गेलेला होता. ती आली होती कपाटातून कात्र्यांचा डबा न्यायला. ऑपरेशन थेटर पंधरा दिवसांपासून बंद होतं, आत काम चालू होतं, एवढं तिला ठाऊक होतं. पण असं अर्धं माणूस तिने अपेक्षिलं नव्हतं.

"अयूबभाई, चौदा नंबरचा पाना द्या," छतातून आवाज आला आणि पाठोपाठ एक हात खाली आला. उघडा, वाट पाहणारा.

अयूबभाई तिथे नव्हते. गोणपाटावर पाने ओळीने मांडलेले होते. आचलने वाकून आकडे वाचले, चौदाचा उचलला आणि त्या तळहातावर ठेवला. चार वर्षं ती डॉक्टरांच्या हातात चिमटे देत आली होती, अगदी तसाच — दांडा त्याच्याकडे, हलकासा दाब देऊन, म्हणजे न बघता मूठ मिटावी.

मूठ मिटली. पण हात वर गेला नाही. तसाच थांबला... मग छतातला माणूस वाकून खाली बघू लागला. केसांत सिमेंटची धूळ, भुवयांवर धूळ, आणि त्या सगळ्या धुळीत दोन गोंधळलेले डोळे.

"तुमी अयूबभाई नाई," तो म्हणाला.

"नाई," आचल म्हणाली. "पण पाना चौदाचाच आहे."

ती डबा घेऊन निघून गेली. व्हरांड्यात पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की डबा चिमट्यांचा होता, कात्र्यांचा नव्हता. परत जावं लागणार होतं. तिला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

सिंदेवाहीपासून थोडं आत, धानाच्या बांध्यांमध्ये उभं असलेलं हे चाळीस खाटांचं रुग्णालय एका ट्रस्टचं होतं. थेटर एकच. आजवर तिथे ऑक्सिजनचं सिलिंडर ढकलत आणायचं, भिंतीला टेकवून उभं करायचं, आणि ऑपरेशनच्या मध्ये ते संपलं की दुसरं आणायला शिपायाने धावायचं, अशी रीत होती. जमिनीवर नळ्यांचा गुंता पडलेला असे, आणि आचलचा पाय त्यात अडकून ती दोनदा पडली होती. आता कुण्या देणगीदाराच्या कृपेने हे सगळं छतावर जाणार होतं. इमारतीच्या मागे सिलिंडरांची एक खोली, तिथून भिंतीतून आणि छतावरून येणाऱ्या तांब्याच्या नळ्या, आणि टेबलाच्या वर छतातून लोंबणारा एक फिरता हात. हाताच्या टोकाला खांबासारखा डबा, त्यावर रंगीत तोंडं: पांढरं ऑक्सिजनचं, निळं भुलीच्या वायूचं, पिवळं रक्त-पाणी ओढून घेणाऱ्या हवेचं. कंपनीच्या कागदावर त्याला काहीतरी लांब नाव होतं. वॉर्डातल्या बायका त्याला झुंबर म्हणायला लागल्या होत्या, आणि मग सगळेच झुंबर म्हणू लागले.

झुंबर टांगायला नागपूरच्या कंपनीने दोन माणसं पाठवली होती. अयूबभाई पन्नाशीचे, चंद्रपूरचे. घरचा धंदा भांड्यांना कल्हई करायचा, तो बसला म्हणून नळ्या जोडण्याच्या कामात आलेले. आणि मिथुन. तो ऊर्जानगरचा, वीज केंद्राच्या वसाहतीत वाढलेला. वय सव्वीस, तरी या कामाचा मुख्य तोच होता. स्वतःच्या जबाबदारीवर मिळालेलं हे त्याचं पहिलं काम. म्हणून तो प्रत्येक सांधा दोनदा बघायचा, मग चहा पिताना उठून तिसऱ्यांदा बघून यायचा.

आचलला थेटरमध्ये जायला रोज काहीतरी कारण सापडू लागलं. कधी मोजे, कधी गॉजचा गठ्ठा. एकदा ती नुसतीच गेली आणि कारण विसरल्यासारखं दारात उभी राहिली. मिथुन शिडीवरून म्हणाला की बारा नंबरचा पाना जवळ असला तर द्या. त्याला बाराचा नको होता, हे पाना हातात आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

रुग्णालयात ती सगळ्यांना भाऊ म्हणायची. चहावाल्याला भाऊ, जीपच्या ड्रायव्हरला भाऊ. अयूबभाईंनी एक दिवस सुपारी कातरता कातरता विचारलं, "बेटा, सगळे भाऊ, मग ह्यालेच काऊन मिस्त्री म्हनतेस?"

"मिस्त्रीच आहेत ना ते."

"मिस्त्री तर मीबी आहो," अयूबभाई म्हणाले, आणि सुपारी तोंडात टाकून गंभीर चेहऱ्याने भिंतीकडे बघत बसले.

झुंबर किती उंचीवर टांगायचं, हा प्रश्न आला तेव्हा मिथुनने कागद बाजूला ठेवला. कागदावर आकडा होता, पण तो आकडा कुण्या मोठ्या शहरातल्या उंच माणसांना धरून काढलेला असणार. नळ्या रोज जोडणार आणि काढणार आचल. तिने टेबलाशी नेहमीच्या जागी उभं राहावं आणि हात वर करावा, असं त्याने सुचवलं. सुचवताना तो तिच्याकडे न बघता टेबलाशी बोलत होता.

तिने हात वर केला. तो शिडीवर, हातात लाकडी पट्टी आणि पेन्सिल. पेन्सिलीचं टोक तिच्या बोटांच्या शेंड्यापाशी येऊन थांबलं. शिवलं नाही... पण वारा लागावा इतकं जवळ आलं.

"टाचा उचलू नका," तो म्हणाला.

"उचलल्या नाईत."

"उचलल्यात, सिस्टर."

"मंग तुमी वर काम करून राह्यले, पायाकडं काऊन बघून राह्यले?"

मिथुनच्या हातातून पेन्सिल पडली. ती उचलून देताना आचलने टाचा खरंच जमिनीला टेकवल्या, आणि झुंबर कागदावरच्या आकड्यापेक्षा चार बोटं खाली टांगलं गेलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी, डबे उघडून तिघं व्हरांड्यात बसलेली असताना, आचलने सहज घरचं सांगितलं. गाव पाच किलोमीटरवर, तलावाच्या काठी. वडील दादाजी, आई गिरजा. दोघंही मासेमारी करणारे ढीवर. ती लहान असताना वडिलांच्या डोंग्यात बसायची आणि पाण्यावरचे बुडबुडे बघायची. चिखलात बसलेली मरळ श्वास सोडते तेव्हा एकच बुडबुडा येतो, उशिराने येतो, आणि ज्याला धीर आहे त्यालाच दिसतो. वडील जाळं टाकायचे ते तिच्या बोटाच्या दिशेने.

मिथुन खाली मान घालून म्हणाला, "आमीबी ढीवरच आहो." आजोबा तलावावर जायचे. वडील वीज केंद्रात कंत्राटी वेल्डर झाले, आणि मिथुनने तर जाळ्याला कधी हातही लावला नव्हता. हे त्याने अशा आवाजात सांगितलं की जणू कुणाचं तरी काहीतरी हरवून बसला आहे.

"म्हनजे तुमाले बुडबुडा दिसत नाई," आचल म्हणाली.

"दिसन कसा? ऊर्जानगरात मरळ डब्यातच भेटते."

ती हसली. तोही हसला, पण उशिरा. आधी तिचं हसणं संपेपर्यंत बघत राहिला.

काम संपत आलं तसं आचलचं कशात लक्ष लागेना. ती इंजेक्शन भरायची आणि खिडकीकडे बघायची. पौषातली थंडी होती, बांध्यांत धान कापून झालं होतं, सगळीकडे मोकळं मोकळं दिसत होतं, आणि ते मोकळेपण तिला आवडत नव्हतं. सोमवारी सकाळी अयूबभाईंनी सांगितलं की आता फक्त शेवटची परीक्षा उरली. ऑक्सिजनची लाइन दोन्ही टोकांना बंद करायची, आत दाबाने वायू भरायचा, काटा दहावर आणायचा आणि चोवीस तास सोडून द्यायचं. काटा हलला नाही म्हणजे काम पास. मग जीप रायपूरला. तिथलं मोठं हॉस्पिटल, दहा झुंबरं, आणि तिथेही मुख्य मिथुनच. त्यानंतर कुठे, ते नागपूरच्या साहेबाला ठाऊक.

"परत इकडं?" आचलने विचारलं.

"काम संपल्यावर परत कोन येते, बेटा?"

पण काटा हलला. सोमवारी दुपारी दहावर ठेवलेला, मंगळवारी सकाळी दहाच्या एक रेघ खाली. मिथुन म्हणाला, थंडीने वायू आकसतो, उन्हात सरळ होईल. ऊन चढलं तरी रेघ तिथेच. तेव्हा त्याने साबणाचं पाणी आणि कुंचला घेतला. गळणाऱ्या सांध्यावर साबण लावला की फेस येतो, एवढी साधी गोष्ट. नेमकी लाईट गेली. अयूबभाई मागच्या खोलीत सिलिंडरांपाशी होते. मिथुनने आचलला विजेरी धरायला सांगितलं.

तो वरून एकेक सांध्यावर कुंचला फिरवायचा, थोडं थांबायचा, पुढे जायचा. आचल शिडीच्या पायथ्याशी विजेरी वर करून उभी होती. झुंबराच्या मुळाशी, झाकणामागे एक सांधा होता, त्याने सगळ्यात आधी केलेला आणि सगळ्यात निगुतीने. त्याच्यावर साबण लावून तो बघत राहिला आणि पुढच्या सांध्याकडे वळला. विजेरी मात्र अजून तिथेच होती. सांध्याच्या खालच्या अंगाला, त्याला वरून दिसणार नाही अशा जागी, एक बारीकसा बुडबुडा आला. मोहरीएवढा. हळूहळू ज्वारीएवढा झाला... आणि फुटला.

"सिस्टर, उजेड इकडं," मिथुन म्हणाला.

तिने तोंड उघडलं होतं. बोलायचं होतं, शब्दही तयार होता. आणि तिला रायपूरची जीप दिसली. आज सांगितलं तर उद्या काटा स्थिर, परवा जीप... तिने उजेड तिकडे केला.

एकच दिवस, तिने मनाशी म्हटलं. बुधवारी तिने तेच पुन्हा म्हटलं.

बुधवारी मिथुनने सगळे सांधे पुन्हा साबणाने भिजवले. भिंतीतल्या दोन सांध्यांवर त्याचा संशय बसला आणि ते त्याने कापून पुन्हा जोडले. चांदीच्या डाकाचा वास सगळ्या मजल्यावर पसरला. गुरुवारी सकाळी काटा पुन्हा रेघभर खाली. तो जेवायला आला नाही. खिडकीतून आचलला दिसलं, तो गोणपाटावर बसून स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत होता, उलटे-सुलटे करून, जसं दुकानात एखादी वस्तू घ्यावी की नाही असं बघतात. ती दारापर्यंत गेली. आत जावंसं वाटलं, आणि पाय वॉर्डाकडे वळले.

वॉर्डात शकुबाई होती. आचलच्या गावची, शेजारची, बाजारात मासळी विकणारी. गर्भाशयात गाठ, रक्त जाऊन जाऊन पांढरीफटक पडलेली. तिचं ऑपरेशन बुधवारी व्हायचं होतं, झुंबराखालचं पहिलं. ते पुढे गेलं होतं. गुरुवारी डॉक्टर मॅडमनी राउंड घेतला आणि सांगितलं की आता थांबणं बरोबर नाही, दुपारच्या गाडीने शकुबाईंना नागपूरला पाठवावं लागेल. मॅडम पुढच्या खाटेकडे गेल्या. शकुबाईने पिशवी उचलून तिच्यात लुगडं कोंबायला सुरुवात केली.

"मी नागपूरले नाई जात," ती आचलला म्हणाली. "तिथी माझं कोन आहे? तू आहेस म्हनून मी इथी आली. घरी जातो मी."

"घरी गेल्या तर मरान, काकी."

"मंग करा ना माझं काम. तुमचं ते झुंबर काऊन गळून राह्यलं?"

आचलने तिच्या हातातली पिशवी घेतली, खाटेखाली ठेवली आणि थेटरकडे चालू लागली. व्हरांडा संपण्याआधीच ती पळत होती.

अयूबभाई आणि मिथुन दोघंही आत होते. ती शिडीपाशी उभी राहिली. दम लागला होता.

"मिस्त्री, तो झाकणामागचा सांधा. त्याच्या खालच्या अंगाले साबण लावा. अन् दीडशे मोजेपर्यंत हालू नका."

मिथुनने तिच्याकडे बघितलं, काही न विचारता वर चढला. साबण लावला, मान वाकडी करून खालून बघत राहिला. अयूबभाई ओठांत आकडे मोजत होते. शंभराच्या आसपास मोहरीएवढा आला. ज्वारीएवढा झाला. फुटला.

"तुमाले कसं समजलं?" त्याने वरूनच विचारलं.

"मले मंगळवारीच दिसला होता."

तो खाली उतरला. एकेक पायरी, सावकाश. गोणपाटावर तांब्याचे दोन कापलेले तुकडे पडले होते, ते त्याने उचलले. "हे चांगले होते," तो म्हणाला. "हे दोन्ही सांधे चांगले होते. मले वाटलं, आपले हातच गेले."

काऊन सांगितलं नाही, असं त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. अयूबभाईंनी ज्योत पेटवायची तयारी सुरू केली आणि मऊ आवाजात म्हणाले की बेटा, मॅडमले सांग, परवा टेबल तयार आहे.

काटा शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दहावर उभा राहिला. मिथुनने एकेक वायू सोडून एकेक तोंड तपासलं. पांढऱ्यातून ऑक्सिजनच येतो, निळ्यातून भुलीचाच, याची खात्री केली, मग पुन्हा केली. या सगळ्या वेळात तो आचलशी फक्त कामाचं बोलला. "जोडा." "काढा." "आता निळं." ती जोडत होती, काढत होती, आणि प्रत्येक वेळी वाटत होतं की आता तो चिडेल, निदान काहीतरी बोलेल.

शनिवारी शकुबाईचं ऑपरेशन झालं. पहिल्या ऑपरेशनला काम करणाऱ्याने सिलिंडरांच्या खोलीत बसून राहायचं, ही त्यांच्या धंद्यातली रीत. मिथुन अडीच तास काट्यासमोर बसला. आचल टेबलाशी उभी होती. हात वर केला की झुंबर बरोबर बोटांशी येत होतं. टाचा उचलाव्या लागत नव्हत्या.

शकुबाई शुद्धीवर आली आणि तिने आधी चहा मागितला. आचल बाहेर येऊन भिंतीला टेकून रडली, थोडंसंच.

सोमवारी दुपारी चारला जीप निघणार होती. सकाळी अयूबभाई तिला औषधांच्या खोलीत शोधत आले. ही गोष्ट मी सांगायची नव्हती, अशी त्यांनी सुरुवात केली. गुरुवारी सकाळी मिथुनने स्वतःच नागपूरला फोन करून साहेबाला सांगितलं होतं की हे काम माझ्याच्याने होत नाही, दुसरा माणूस पाठवा. साहेबाने रायपूरचं काम काढून दुसऱ्याला दिलं. मिथुनने आता नागपूरला जाऊन गोदामात नळ्या मोजायच्या. गळती सापडली हे साहेबाला कळवलं, पण ती कशी सापडली, त्या सांध्यात किती बारीक होती, कुणाला कधी दिसली, यातलं त्याने काहीच सांगितलं नाही.

"म्या म्हटलं, मी सांगतो साहेबाले. तर हात जोडले त्यानं. म्हने, सिस्टरचं नाव निघन. तिची नोकरी आहे, तिचं गाव आहे."

आचल बराच वेळ गोळ्यांच्या बाटलीचं झाकण लावत राहिली. ते लागलेलंच होतं.

"साहेबाचा नंबर द्या, अयूबभाई," ती म्हणाली.

फाट्यावर एकच एसटीडी बूथ होतं, पोचूभाऊंचं. पोचूभाऊ तिच्याच गावचे. बूथचं काचेचं दार बिजागरीतून निखळलेलं, म्हणून कायम उघडं. बाहेर चहाची टपरी, पंक्चरवाला, भाजीवाल्या बाया, बसची वाट बघणारे लोक. आणि लाइन इतकी खराब की नागपूरपर्यंत आवाज पोचवायला ओरडावंच लागे.

तिने ओरडूनच सांगितलं, मी रुग्णालयातून सिस्टर बोलते. गळती मिस्त्रींच्या चुकीने राहिली नाही. मला ती दोन दिवस आधी दिसली होती, मी सांगितली नाही. सांधा बारीक होता, खालच्या अंगाला होता, कुणालाही वरून दिसला नसता. पलीकडून साहेब काहीतरी म्हणाले. तिने दुसऱ्या कानात बोट घातलं. का सांगितली नाही, असं ते विचारत होते.

बाहेर भाजीवालीने पालकाची जुडी हातातच धरली होती. पंक्चरवाला पाण्यात बुडवलेली ट्यूब विसरला होता. आणि त्यांच्या मागे, अयूबभाईंनी पाठवलेला, नुसत्या मोज्यांवर धापा टाकत आलेला मिथुन उभा होता.

आचलला तो दिसला. फोन ठेवता आला असता. लाइन तुटली म्हणता आलं असतं.

"कारण टेस्ट पास झाली असती तर ते गेले असते," ती ओरडली. "मले ते जायला नको होते."

मग साहेबांनी विचारलं की हा मिथुन तुमचा कोण.

"अजून तरी कोनी नाई, साहेब."

साहेब हसल्यासारखे वाटले, की ती लाइनीची खरखर होती, कोण जाणे. पण पुढचं तिला नीट ऐकू आलं: त्याला म्हणावं रायपूरलाच जा, गोदामात माणसं पुष्कळ आहेत. आणि सांध्यावर जरा जास्त वेळ थांबत जा.

तिने फोन ठेवला आणि बाहेर आली. कान तापले होते. कुणाच्याच नजरेला नजर न देता ती मिथुनसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब म्हनतात रायपूरले जा."

"आयकलं," मिथुन म्हणाला. "सगळ्यानच आयकलं."

तेवढ्यात मागे खडखडाट झाला. पोचूभाऊंनी दुपारी दीड वाजता बूथचं शटर ओढलं होतं. आजवर त्यांनी ते पोळ्यालाही ओढलं नव्हतं. कुलूप लावलं, लुनावर टांग टाकली आणि फटफट करत निघाले.

"हे कुठी चालले?"

"गावात," आचल म्हणाली. तिचा चेहरा उतरला. "माझ्या घरी."

मिथुनने एकदा लुनाच्या धुराकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. लाजाळू माणसाला एवढ्या लवकर काही ठरवताना कुणी पाहिलं नसेल. पंक्चरवाल्याकडे रुग्णालयाच्या चौकीदाराची सायकल दुरुस्त होऊन उभी होती. ती त्याने ओढूनच घेतली.

"बसा," तो म्हणाला. "तुमच्या बाबाले कोनी सांगाच्या आधी मी सांगतो."

"काय सांगान?"

"जाता जाता ठरवतो. बसा तुमी."

रस्त्याने लुना गेली होती. त्यांनी बांध्यांतून आडवी वाट घेतली. कापलेल्या धानाची बुडखं, मध्येच ओलं, मध्येच भेगा. सायकल उडत होती, आचल कॅरिअर घट्ट धरून बसली होती. धरायला कॅरिअर पुरेना तेव्हा तिने त्याचा सदरा धरला. एकदा तो म्हणाला, "राग आला होता मले." ती म्हणाली, "येऊ द्या." थोड्या वेळाने तो म्हणाला, "अजून थोडा आहे." ती म्हणाली, "राहू द्या, पण डावीकडं वळा, पुढं नाला आहे."

तलावाच्या पाळीवर पोचले तर लुना आधीच तिथे उभी होती. पोचूभाऊ एका दगडावर बसून गिरजाबाईंनी दिलेलं पाणी पीत होते, काम पार पडलेल्या माणसाच्या चेहऱ्याने. दादाजी जाळं पसरून फाटलेली घरं विणत होते. त्यांनी मान वर केली नाही. विणणं चालूच.

मिथुनने सायकल टेकवली. वाटेत ठरवलेलं वाक्य त्याला आठवेना. त्याने वाकून नमस्कार केला आणि तसाच उभा राहिला.

"ह्यानं सारं सांगतलं," दादाजी म्हणाले, पोचूभाऊंकडे हनुवटी करत. "मी एकच इचारतो. पोरगी तवाच म्हनली असती, थांबा म्हनून. तू थांबला असता का?"

आचलने मिथुनकडे बघितलं. हो म्हण, तिला वाटलं. खोटं असलं तरी आत्ता हो म्हण.

मिथुनने तलावाकडे बघितलं. पाण्यावर एक बगळा उतरला, चार पावलं चालला.

"नाई," तो म्हणाला.

गिरजाबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला. दादाजींची विणायची सुई थांबली. "काऊन?"

"मले खरं वाटलं नसतं," मिथुन म्हणाला. "मले वाटलं असतं, थट्टा करून राह्यली. मी... माह्यासाठी कोनी थांबा म्हनन, असं मले कधी वाटलंच नाई."

"अन् आता?"

"आता पुऱ्या बजारानं आयकलं. आता खरंच असन."

पोचूभाऊंना पाण्याचा ठसका लागला. दादाजींनी जाळं मांडीवरून बाजूला केलं आणि पहिल्यांदा त्या पोराकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत, चिखलाने भरलेल्या मोज्यांपर्यंत.

"रायपूरचं काम कितीक दिसाचं?"

"दीड महिन्याचं."

"झालं का मायबापाले घेऊन ये. तुझा आजा कोन्या तलावावर जात होता, ते मले समजलं पायजे." मग बायकोकडे वळून ते म्हणाले, "भात आहे का वं? पोराचं तोंड सुकलं."

भात खाऊन ते निघाले तेव्हा तीन वाजून गेले होते. परतीला मिथुनने सायकल हातात धरली आणि आचल बाजूने चालू लागली. बांध्यांतून जाताना ती त्याला सांगत होती की ती शनिवारी रडली, आणि त्याने विचारलं की किती, आणि ती म्हणाली, दीडशे मोजावे इतकं.  तिचा हात सायकलच्या सीटवर होता, त्याचा दांडीवर. मध्ये वीतभर जागा होती आणि ती हळूहळू कमी होत होती.

रुग्णालयाच्या बाजूने जीपचा हॉर्न ऐकू आला. एकदा. मग पुन्हा, लांबलचक.

"तुमाले बोलावून राह्यले," आचल म्हणाली.

"हाव," मिथुन म्हणाला, आणि सायकल स्टँडवर लावून तिच्याकडे वळला.